आधी पडली की आधी हाड मोडलं

माझं काम काय आहे ते ऐकलं की लोक हातातला घास खाली ठेवतात. म्हणून मी शक्यतो 'आकडेवारीच्या खात्यात आहे' एवढ्यावर भागवते. देशात कोण कशाने गेलं ते डॉक्टर दाखल्यावर लिहितात आणि ते सगळे दाखले बर्गेनला आमच्या कार्यालयात येतात. बहुतेक दाखले संगणक स्वतःच वाचतो, कारणाचा क्रमांक टाकतो आणि पुढे ढकलतो. ज्यांच्यावर तो अडतो, ते आम्हा माणसांच्या वाट्याला. शेवटी हृदय बंद पडलं, हे आम्हाला नको असतं. ते सगळ्यांचंच पडतं. ते कशामुळे पडलं, आणि ते जे काही होतं ते तरी कशामुळे झालं, असं मागे मागे जात जे अगदी पहिलं सापडेल ते आम्ही मोजतो.

असं काम करणाऱ्या बाईला मूल झाल्यावर काय होतं, ते माझ्या नवऱ्याला विचारा. इतरांच्या घरी द्राक्ष हे फळ असतं, आमच्या घरी तो घशात अडकून जाण्याचा एक क्रमांक आहे. योस्टाइन बिचारा द्राक्षं उभी चिरतो, मग आडवी चिरतो, आणि मी तरीही बघत उभी असते. "तोरुन," तो म्हणतो, "आता याचा रस झालाय. रसाचाही क्रमांक आहे का?"

आहे. पण मी सांगत नाही.

आइलेव वर्षाचा झाला, माझी रजा संपली आणि त्याला पाळणाघरात घातलं. तिथे मुलं दुपारची बाहेर झोपतात, पत्र्याच्या छपराखाली ओळीने लावलेल्या बाबागाड्यांत, लोकरीत गुंडाळलेली. मी स्वतः अशीच झोपले, माझी आईही. मोकळ्या हवेत मूल छान झोपतं यावर आमच्याकडे कुणाचं दुमत नाही. माझंही नाही. फक्त माझे पाय फाटकातून निघत नसत. वारा आला की पांघरूण तोंडावर जाईल का, पट्टा गळ्याशी येईल का, असं सगळं डोळ्यांसमोर येई, आणि प्रत्येकापुढे क्रमांक.

तिथे मोलफ्रीद होती. पन्नाशीची, रुंद खांद्यांची, आवाज असा की डोंगरावरची मेंढरं वळावीत. पहिल्याच आठवड्यात तिने मला कुंपणाशी पकडलं. "तू अजून इथेच? जा ना बाई कामावर. की एक गाडी तुलाही लावू? दुधाची बाटली देते, वर एक गाणं म्हणते."

"मी फक्त बघत होते."

"बघ की. पण तू बघतेस म्हणून तो श्वास घेत नाहीये. तो त्याचा त्याचाच घेतोय." आणि मग आवाज खाली आणून, "मी फिरते गं गाड्यांमधून. प्रत्येकाच्या मानेला हात लावून बघते, गार की गरम. जा."

ती खरंच फिरायची. मी एकदा न सांगता दुपारी येऊन झाडाआडून पाहिलं होतं. तेव्हापासून मी तिच्यावर विश्वास ठेवला, आणि माझ्यासारखीला असा विश्वास टाकायला एकच माणूस मिळतो. दुसरं शोधायची ताकद नसते.

त्याच शरदात मोलफ्रीदची आई पडली. ऐंशीच्या घरातली सिनेव्हा, लेकीकडे जेवायला आली होती. खुब्याचं हाड मोडलं, रुग्णालयात शस्त्रक्रिया झाली, तिथून शुश्रूषागृहात नेली, आणि तिथे न्यूमोनिया होऊन ती गेली. आम्ही पालकांनी फुलं पाठवली. मोलफ्रीद कामावर परतली तेव्हा तिची टोपी तीच होती, पण खाली दुसरंच माणूस होतं.

आधी मला बरंच वाटलं, हे लपवण्यात अर्थ नाही. ती आता माझ्याहून जास्त काळजी करू लागली होती. पाळणाघरातली सगळी पायपुसणी तिने उचलून माळ्यावर टाकली. दारातल्या उंबऱ्यावर लाल पट्टी चिकटवली. गाड्यांमधून ती इतकी फिरू लागली की मुलं जागी व्हायची. मग एक दिवस मी आइलेवला न्यायला गेले तर ती त्याच्या गाडीशी उभी, हात हवेत, आणि तो हात तिला खाली नेता येत नव्हता.  तेव्हा मात्र मला भीती वाटली. तिच्यासाठी वाटली, आणि खोटं कशाला, माझ्यासाठीही.

जानेवारीत तिने सांगितलं. बाहेरचे कपडे वाळवायच्या खोलीत, ओल्या हातमोज्यांच्या वासात, मी आइलेवचे बूट शोधत होते.

"ईस्टरला मी सोडतेय," ती म्हणाली. "तुला आधी सांगते. तू उगाच दुसऱ्याकडून ऐकशील आणि रात्रभर जागशील."

"सोडतेस? का?"

"माझ्या हातात आता मुलं देऊ नयेत."

मी बूट खाली ठेवला. तिने ते एका दमात सांगितलं, कितीतरी वेळा स्वतःला सांगून पाठ झाल्यासारखं. तिच्या घरी दारापासून स्वयंपाकघरापर्यंत लांब सतरंजी होती, जुन्या शर्टांच्या पट्ट्या विणून केलेली. तिने स्वतः विणलेली. खाली रबर लावायचं राहून गेलं होतं. भाऊ गाउते नेहमी म्हणायचा, यावरून कुणीतरी घसरेल. आणि आईच घसरली. शुश्रूषागृहाचा डॉक्टर म्हणाला, पडल्यामुळे हाड मोडलं, हाडामुळे अंथरूण, अंथरुणामुळे न्यूमोनिया. दाखल्यावर तसंच लिहिलंय. घरातला अपघात.

"गाउते काही म्हणाला का?"

"नाही. तेच तर. अंत्यविधीच्या दिवशी घरी आला, जमिनीकडे बघितलं, सतरंजी नव्हती तिथे, मी जाळली होती. त्याने बघितलं आणि कोट घातला. तेव्हापासून फोन नाही. माझा तो उचलत नाही." तिने एक छोटा हातमोजा पिळला, तो कोरडा होता तरी. "मी आत बटाटे गाळत होते. ती ओरडली, मी वळले, आणि ती खाली जाताना मला दिसली. मधे चार पावलं होती, तोरुन. मी पोचले नाही."

मला त्या वाक्यात काहीतरी टोचलं. कामाची सवय, दुसरं काही नाही. दिवसभर मी हेच करते, आधी काय आणि मग काय.

"ओरडली," मी विचारलं, "आणि मग पडली? की पडताना ओरडली?"

"काय फरक पडतो?"

"तुला काय आठवतं ते सांग."

तिने डोळे मिटले. "ओरडली. मी हातातलं भांडं ठेवलं. वळले. मग गेली ती खाली. भिंतीला हात लावून." डोळे उघडले. "का?"

पुढचा प्रश्न माझ्या तोंडात आला होता, तो मी गिळायला हवा होता. नाही गिळला. "तिला पूर्वी काही मोठं दुखणं?"

"बारीकसारीक. आणि स्तनाचा कॅन्सर, पण त्याला युगं झाली. बरी झाली होती ती. तपासणीला बोलवणंही बंद झालं होतं."

आइलेव माझ्या पायाला धरून उभा राहिला होता. मी त्याला उचललं, कारण चेहरा कुठेतरी लपवायला हवा होता. जुना कॅन्सर कधी कधी गुपचूप हाडात जाऊन बसतो. हाड आतून पोकळ होतं आणि एखाद्या दिवशी नुसत्या चालण्यानेच मोडतं. मग माणूस पडतं. बघणाऱ्याला वाटतं, पडलं म्हणून मोडलं. पण कधी कधीच. बहुतेक वेळा म्हातारी माणसं सतरंजीवरूनच घसरतात, हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक असणार? आशा दाखवायची आणि ती खोटी निघायची, म्हणजे तिला पुन्हा एकदा त्या दारात उभं करणं.

"हे ओरडण्याचं तू डॉक्टरला सांगितलंस?" एवढंच मी विचारलं.

"कुणी विचारलंच नाही."

"मग जाऊन सांग."

"काय सांगू? मला निर्दोष सोडा म्हणून?"

"नाही. काय पाहिलंस ते सांग. त्याचं काय करायचं ते त्याला ठरवू दे."

ती हसली, पण त्या हसण्यात काही नव्हतं. "तू आकड्यांच्या खात्यात आहेस ना? अगदी डॉक्टरांसारखी बोलतेस. हा घे तुझा बूट, खाली पडलाय."

दुसऱ्या दिवशी मी बोर्गहिल्डच्या टेबलाशी गेले. बोर्गहिल्ड आमच्यात सगळ्यात जुनी. कागदात बांधून आणलेल्या पावावर तपकिरी चीज, रोज तेच, आणि रोज पहिल्या घासाला 'वा' म्हणणार. ओळखीच्या माणसाचा दाखला आपण हाताळायचा नाही, असा आमच्याकडे नियम आहे. उघडून बघायचाही नाही. उघडलात की तशी खूण राहते.

"एका नावापासून मला बाजूला कर," मी म्हटलं आणि नाव दिलं. "आणि बोर्गहिल्ड, काल पाळणाघरात मी एक ऐकलं..."

तिने पाव वर धरला, रहदारीच्या पोलिसासारखा. "नाही."

"फक्त एक वाक्य."

"बाई गं, मी ते ऐकलं तर उद्या माझ्या नोंदीत ते कुठून आलं म्हणून लिहू? 'कपडे वाळवायच्या खोलीतून'? डॉक्टर सांगेल ते आपलं. डॉक्टरला कोण सांगेल ते त्यांचं."

"पण तो दाखला संगणकानेच पुढे घातला असेल. स्वच्छ आहे तो. न्यूमोनिया, हाड, पडणं. त्याच्याकडे माणूस बघणारच नाही."

"तुला काय माहीत मी काय काय बघते?" ती म्हणाली. "जा, तुझे दाखले वाट बघतायत. कुणीतरी पुन्हा नुसतं 'म्हातारपण' लिहून पाठवलंय."

खरं तर मला माहीत होतं ती काय बघते. वर्ष सरलं की कर्करोग नोंदणीकडून त्या वर्षातल्या नव्या नोंदींची यादी येते. देशात कुणाच्याही शरीरातला तुकडा तपासून त्यात कॅन्सर सापडला की त्यांच्याकडे नोंद होते. त्यांची नावं आणि आमची मेलेल्यांची नावं शेजारी ठेवून बोर्गहिल्ड जुळवते. जिथे त्यांच्याकडे कॅन्सर आहे आणि आमच्या दाखल्यावर त्याचा शब्दही नाही, तिथे ती थांबते. कंटाळवाणं काम. ती ते विणकामासारखं करते, ओठ हलवत. त्या यादीत सिनेव्हाचं नाव आहे की नाही, हे मला विचारता येत नव्हतं आणि तिला सांगता येत नव्हतं. आम्ही दोघी समोरासमोर बसून पावावरच्या चीजबद्दल बोलत राहिलो.

घरी मी योस्टाइनला म्हटलं, "समज, तुला एक गोष्ट कदाचित माहीत आहे, आणि ती सांगितली तर कदाचित एखादीचं भलं होईल, आणि कदाचित वाटोळं."

"द्राक्षांबद्दल आहे का?"

"नाही."

"मग झोप," तो म्हणाला. "सोमवारपर्यंत दोन्ही कदाचित तिथेच असतील."

फेब्रुवारीत माझ्या टेबलावरचा फोन वाजला. मी नाव सांगायच्या आतच पलीकडचा माणूस सुरू झाला. आस्ले, शुश्रूषागृहाचा डॉक्टर. तुसडा माणूस, आमच्याकडे सगळे ओळखून होते. त्याचे दाखले तारेसारखे असत, शब्दाला पैसे पडतात अशा बेताने लिहिलेले.

"तुमचं पत्र आलंय," तो म्हणाला, "सिनेव्हाबद्दल. पडण्याआधी आणि हाड मोडण्याआधी काय घडलं, म्हणे! रुग्णालयाचे सगळे अहवाल पाहिलेत का, म्हणे! बाई पडली, हाड मोडलं. यात विचारायचं काय? माझी नात सांगेल."

"थांबा," मी जवळजवळ ओरडले. "ही माझी केस नाही. बोर्गहिल्डला देते." रिसीव्हर तिच्या टेबलावर ठेवून मी सरळ बाहेर स्वयंपाकाच्या खोलीत गेले. शुक्रवार होता, कुणीतरी वॅफल भाजत होतं. मी काचेतून बघत राहिले. बोर्गहिल्ड फारसं काही बोलत नव्हती. मधेच तिचे ओठ हलले, आणि तिची ओळख इतकी जुनी की शब्द मला काचेआडूनही वाचता आले, कारण आम्ही सगळेच ते रोज म्हणतो. आम्ही सुचवत नाही. आम्ही विचारतो.

पत्र गेलं होतं म्हणजे नाव यादीत होतं. एवढं मला कळलं आणि ते कळायला नको होतं. वॅफल घेऊन मी माझ्या जागी आले आणि ते थंड होईपर्यंत त्याच्याकडे बघत बसले.

"खा ना," बोर्गहिल्ड म्हणाली. तिच्या चेहऱ्यावर काहीही नव्हतं. पंचवीस वर्षांत तिने तो असाच तयार केलाय.

त्या संध्याकाळी मी मोलफ्रीदला फाटकाशी गाठलं. "तू आस्लेकडे गेलीस का?"

"पुन्हा तेच? तू म्हणजे ना, दातात अडकलेल्या धाग्यासारखी आहेस."

"गेलीस का?"

"नाही. आणि जाणार नाही. तो माणूस माझ्याकडे बघतो ते नको त्या वेळी आलेल्या सेल्समनकडे बघावं तसं."

"मग तो बोलावेल तेव्हा जा."

तिने माझ्याकडे पाहिलं. मी मुलाची टोपी नीट करू लागले, जी नीटच होती. बहुधा मी जास्त बोलले होते. पण तेवढ्यात आइलेवने टोपी काढून चिखलात टाकली.

नंतर आठवडाभर मोलफ्रीद आली नाही. तिच्या जागी एक शिकाऊ मुलगी होती, गोड, पण मानेला हात लावायच्या आधी हात गरम करायचं तिला सुचत नसे. मी कामावर उशिरा जाऊ लागले. योस्टाइनने सकाळी सोडायची पाळी नुसती स्वतःकडे घेतली.

मग एका दुपारी मी आइलेवला न्यायला गेले तर कुंपणाच्या आतून तो मेंढरं वळवणारा आवाज आला. "ए तोरुन! इकडे ये! बस!"

ती वाळूच्या चौकटीच्या कडेवर बसली होती, पावसात. आमच्याकडे पाऊस मोजत नाहीत. मी शेजारी बसले.

"त्याने बोलावलं," ती म्हणाली. "आस्लेने. खुर्ची दिली. कॉफीही दिली, वाईट होती. आणि विचारतो काय, तर 'सांग, ती आधी ओरडली की आधी पडली?' जसं काही तूच त्याच्या घशात जाऊन बसलीस."

"मी नाही," मी पटकन म्हटलं. "मी त्याच्याशी बोललेले नाही."

"मला माहीत आहे. तुझा चेहरा बघूनच कळतं, तुला काही सांगता येत नाही. ऐक तर. मी सांगितलं, ओरडली, मग भिंत धरली, मग गेली.  मग त्याने एक कागद माझ्याकडे फिरवला. शस्त्रक्रियेत रुग्णालयाने हाडाचा तुकडा काढून तपासायला पाठवला होता. उत्तर आलं तोवर आई शुश्रूषागृहात हलली होती, आणि ते उत्तर रुग्णालयातच पडून राहिलं. आस्लेला मिळालंच नाही. आता मागवलं तेव्हा मिळालं." ती थांबली. "कॅन्सर होता, तोरुन. हाडात. तो म्हणाला, ते हाड त्या दिवशी कुठेही मोडलं असतं. चर्चमध्ये, पलंगावर. आधी मोडलं, म्हणून ओरडली. मग पडली. सतरंजी असो नसो."

मला काही बोलायचं होतं, पण आधी रडू आलं. तिने मला कोपराने ढोसलं.

"तू का रडतेस? आई माझी."

"मला माहीत आहे."

"आणि ऐक, मला खूप राग आलाय. बाईची मांडी उन्हाळ्यापासून दुखत होती! क्लाउडबेरी वेचायला गेली होती ना दलदलीत, म्हणायची, वाकून वाकून दुखतंय. मी म्हटलं, दाखव. तर म्हणते, त्या दवाखान्यात गाडी लावायला पैसे पडतात, मी नाही जात. अशी होती! देशभर दवाखाने फुकट आणि ही गाडीच्या जागेवरून अडली." मोलफ्रीद हसायला लागली, आणि हसता हसता तिचं तोंड वाकडं झालं, आणि मग तीही रडली.  त्या रडण्यात आई होती. इतके महिने तिच्या बोलण्यात फक्त सतरंजी होती.

"लवकर कळलं असतं तर?" थोड्या वेळाने तिने विचारलं.

"ते मला माहीत नाही," मी म्हटलं. खरं तेच होतं.

"हं. आस्लेही तेच म्हणाला. निदान खोटं बोलत नाही थेरडा. दाखला बदलून पाठवला म्हणाला तुमच्या त्या आकड्यांच्या खात्याला."

म्हणजे कुठेतरी एका तक्त्यात घरातल्या अपघातांच्या रकान्यातून एक कमी झाला होता आणि स्तनाच्या कर्करोगाच्या रकान्यात एक वाढला होता. वर्षाचा अहवाल निघेल तेव्हा हा फरक कुणाच्याही लक्षात येणार नाही. बोर्गहिल्डने तो केला असेल, ओठ हलवत, आणि मग पावाचा कागद घडी करून ठेवला असेल.

"ईस्टरचं काय?" मी विचारलं. 

"काय ईस्टरचं? सुट्टी आहे. डोंगरावर जाईन, संत्री खाईन."

"सोडणार होतीस ना."

"मुख्य बाईंना सांगितलं आज, नाही सोडत. त्या म्हणाल्या, अर्ज अजून खणातच आहे, त्यांना वाचायला वेळच मिळाला नव्हता." तिने नाक पुसलं. "पण एक राहिलंय. ते मला तू इथे असताना करायचंय. उठून जाऊ नकोस."

तिने फोन काढला, ओलं बोट स्वेटरला पुसलं आणि भावाला लावला. वाजत राहिला. आइलेव वाळूत फावड्याने माझ्या बुटावर ढीग करत होता. मी हललेच नाही. मला वाटलं, आता बंद होईल.

"गाउते," ती म्हणाली. "ठेवू नकोस. आईबद्दल आहे." आणि तिने सांगितलं, हाडाचं, तुकड्याचं, ओरडण्याचं. सतरंजी हा शब्द तिने काढलाच नाही. मोलफ्रीदने फोन कानापासून दूर धरून पाहिलं, लागलाय का म्हणून. मग तिकडून एक पुरुषी आवाज आला, घोगरा, मलाही ऐकू येईल असा.

"मोलफ्रीद? मी गाडीत आहे. रस्त्याच्या कडेला घेतो. थांब जरा, ठेवू नकोस."

"नाही ठेवत," ती म्हणाली. मला हाताने खूण केली, आता जा.